मायक्रोफोनमधली खरखर

एकदा एका विज्ञानशिक्षकाने घरीच मायक्रोफोन बनवायला घेतला. जुन्या काळच्या ध्वनिमुद्रणगृहांत असे तसा, आत काचेचा व्हॉल्व्ह पेटणारा आणि आवाजाला ऊब देणारा. शिक्षकाचे नाव हेरंब. त्याची कुमुदआत्या गाण्यासाठी उभ्या तालुक्यात नावाजलेली. आता तिच्या गळ्यावर शुक्रवारी शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि पुढे आवाज राहील की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. तिची एक भूपाळी तरी जपून ठेवावी, एवढीच हेरंबची इच्छा होती.

मायक्रोफोन बोलू लागला, पण आवाजामागून खरखर येई. त्याने व्हॉल्व्ह बदलला. एक दिवस शांततेत गेला, दुसऱ्या दिवशी खरखर पुन्हा हजर. मग तारा बदलल्या, सांध्यांना नव्याने डाख दिला. सकाळच्या उन्हात सारे ठीक वाटे. दुपारी खाडीवरून दमट वारा सुटला की फडफड सुरू. एकेक भाग सोडवून, बोटांत फिरवून, उजेडाकडे धरून त्याने पाहिला. प्रत्येक भाग निर्दोष होता. मग दोष येतो कुठून, हे त्याला काही केल्या उमजेना.

मंगळवारी तो सगळा पसारा घेऊन दाजीकाकांकडे गेला. काकांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती. हेरंब डाख द्यायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली.

"किती वेळा उघडलास?" काकांनी विचारले.

"रोज तीन-चारदा तरी. पण काका, आधी खरखर ऐकून तर घ्या."

काकांनी खरखर ऐकली नाही. मापयंत्रालाही हात लावला नाही. त्यांनी साबणाने हात धुतले, आतला सांगाडा चिमट्याने कडेला धरून बाहेर काढला, मऊ कुंचला स्पिरिटमध्ये बुडवून तो हळूहळू धुतला आणि दिव्याच्या उबेत वाळत ठेवला. तासाभराने सारे बंद करून स्क्रूंवर कागदाची पट्टी चिकटवली.

"गुरुवारी आत्याबाईंसमोर वीज जोड. तोवर उघडायचं नाही, चालू करूनही बघायचं नाही."

"पण तुम्ही दुरुस्त काय केलंत?"

"गुरुवारी सांगतो."

दोन दिवस हेरंबला चैन पडले नाही. ज्यात काहीच बदललेले नाही ते सुधारणार कसे? आणि आयत्या वेळी फसले तर दुसरी संधी नव्हती. दोनदा त्याचा हात त्या पट्टीपर्यंत गेला आणि मागे आला. का आला, हेही त्याला सांगता आले नसते.

गुरुवारी दुपारी आत्या चटईवर बसली. काकाही आले. व्हॉल्व्ह तापल्यावर हेरंबने ध्वनिमुद्रण सुरू करून हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. काहीच ऐकू येत नव्हते. मायक्रोफोन पार बंद पडला, असे त्याला वाटले. तेवढ्यात आत्याने गाण्यासाठी श्वास घेतला, आणि तो श्वास त्याला अगदी कानाशी ऐकू आला.

भूपाळी संपल्यावर तो काकांकडे वळला. "आता तरी सांगा."

काका म्हणाले, "पहिल्या दिवशी डाख देताना लावलेला थोडा चिकटा राहिला असेल. पुढचं सगळं तुझ्या बोटांचं. आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याकडून व्हॉल्व्हकडे जाणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो रे. बोटाचं तेल तिथे लागलं, त्यावर हवेतली ओल बसली, की तो वाटेतच झिरपून जातो आणि खरखर उरते. तू दोष शोधायला जायचास आणि दर वेळी थोडा ठेवून यायचास. तुझी तळमळ खरी होती, म्हणून तुला संशय आला नाही. जीव लावलेल्या गोष्टीलाही आपला हात जड होऊ शकतो."

हेरंब आपल्या तळव्यांकडे पाहत राहिला.

"दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला माझा," आत्या म्हणाली. "पुन्हा म्हणू का? तुला नीट हवं असेल ना?"

हेरंबचा हात ध्वनिमुद्रणाच्या बटणाकडे गेला होता. तो त्याने मांडीवर ठेवला.

"नको आत्या," तो म्हणाला. "आहे तसंच राहू दे."