अँटेनापुढचा पत्रा

टेकडीच्या पायथ्याला कुसवडी नावाचं गाव होतं. तिथली सगळ्यांत काळजीखोर बाई कोण, असं विचारलं की शाळेतली पोरंसुद्धा शेवंताच्या घराकडं बोट दाखवायची. लेकीला नुसती शिंक आली तरी ही मीठ-मिरची घेऊन तिची दृष्ट काढायला बसायची.

लेकीचं नाव मैना. चौदा वर्षांची पोर, पण पळायला लागली की डोळ्यांना दिसायची नाही. शाळेच्या खो-खो संघाबरोबर ती थेट राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली होती. सामना शहरात होता आणि शनिवारी चार वाजता टीव्हीवर दिसणार होता! शेवंतानं आजवर लेकीचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. "पडली-बिडली तर माझ्याच्यानं बघवणार नाही," म्हणून ती दर वेळी घरी बसायची. या खेपेला मात्र तिनं छातीवर हात ठेवून ठरवलं, काहीही होवो, बघायचंच.

नवरा भिकू पंप दुरुस्त करायचा. त्यानं अॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून अँटेना तयार केला, गच्चीवर बांबूला बांधला आणि त्याचं तोंड टेकडीवरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडं केलं. ना केबल, ना गच्चीवर डिशची छत्री. बटण दाबलं आणि काय सांगावं! मोकळ्या हवेतून, फुकट, एचडी चित्र! बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कुड्यांतला मोती न् मोती वेगळा दिसत होता. शेवंतानं तर पदरानं टीव्हीची काच दोनदा पुसून पाहिली.

"फक्त अँटेना हलवू नकोस," एवढं सांगून भिकू मैनेला घेऊन शहराला गेला.

शेजारीच, टेकडीच्या बाजूला, तुळसाकाकूंचं घर. काकू खिडकीतून डोकावल्या आणि टाळ्याच पिटल्या. "अगं शेवंते, केवढं लख्ख गं! यात तर मैनीच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसेल! मी येते हं सामना बघायला."

शेवंतानं घाईनं टीव्हीपुढं पदर धरला. एवढं चांगलं चित्र, एवढी गुणी पोर, आणि काकूंचे ते टपोरे डोळे! ती म्हणाली, "काकू, घर लहान आहे हो आमचं."

काकू मागं फिरल्या. आपल्या गच्चीवर जाऊन मिरच्या पसरू लागल्या. पण दर मूठभर मिरच्यांमागं त्यांची मान अँटेनाकडं वळायची. शनिवारी दुपारपर्यंत शेवंताला ते सोसवेना. अँटेना हलवायचा नव्हता, म्हणून तिनं तो हलवला नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा तेवढा वर नेला आणि काकूंच्या बाजूनं अँटेनाला टेकवून उभा केला. "आता बघा म्हणावं किती बघायचं ते!"

पावणेचारला तिनं टीव्ही लावला. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला, मग पडदा निळा झाला. शेवंतानं वायर हलवली, टीव्हीला थापट्या मारल्या. काही उपयोग नाही. चारला पाच कमी! शेवटी तिनं मीठ, मोहरी, मिरची ओवाळून चुलीत टाकली. घरभर ठसका उठला.

काकू खोकत खोकत दारात आल्या. "अगं, पोर तर शहरात आहे! दृष्ट कुणाची काढतेस?"

"टीव्हीची," शेवंता रडवेली होऊन म्हणाली.

"आणि लावली कुणी त्याला?"

शेवंतानं मान खाली घातली. काकूंना समजायचं ते समजलं. त्यांचा चेहरा पडला. त्या दारातून मागं फिरल्या, पण निळ्या पडद्याकडं बघून पुन्हा थांबल्या.

"गच्चीवर तो पत्रा माझ्यासाठीच ना? शहाणे, अँटेनाचं तोंड आमच्या घरावरून टेकडीकडं आहे. पत्र्यानं मला अडवलंस, तसं मनोऱ्यालाही अडवलंस की!"

शेवंतानं कपाळावर हात मारला. "काकू, मी फार वाईट वागले. मला माफ करा."

"माफी मग माग, आधी जिना चढ!"

दोघी धापा टाकत वर गेल्या. एक टोक शेवंतानं धरलं, एक काकूंनी, आणि पत्रा बाजूला झाला. खाली येऊन बघतात तो पडद्यावर हिरवंगार मैदान! सामना नुकताच सुरू झाला होता. पाठ करून उकिडवी बसलेली ती मैनाच! पाठीवर खो बसला आणि पोरगी बाणासारखी सुटली.

"धर तिला, मैने, धर!" काकू ओरडल्या. शेवंतानं डोळे मिटले, मग एकच उघडला, मग दोन्ही. मैनेनं खांबाजवळ सूर मारला. धूळ उडाली. समोरची मुलगी बाद! शेवंता एवढ्या जोरात ओरडली की परसातल्या कोंबड्या पळाल्या.

संघ एका गुणानं जिंकला. मैनेचा घामेजलेला चेहरा पडदाभर दिसला आणि शेवंता टीव्हीला म्हणाली, "मैने, आधी पाणी पी गं!"

"पिईल ती," म्हणत काकूंनी माठातून तांब्या भरून शेवंताच्याच हातात दिला. "तू घे. पळालीस तूच जास्त."

तात्पर्य: दुसऱ्याच्या नजरेला भिऊन आडोसा उभा केला, तर आपल्या दाराशी आलेला आनंदही अडतो; शेजाऱ्याला सोबत घेऊन पाहिलं, तर तोच आनंद डोळे भरून दिसतो.