निशाणवाला तिबुर्सियो

“आणि मेलेल्या पोरीच्या अंगावरचा घागरा त्या तिबुर्सियोनं ओढून…” विहिरीवरची बाई एवढंच बोलली आणि कुस्तोदियाला बघून गप्प झाली. कुस्तोदिया तिबुर्सियोची शेजारीण, भिंतीला भिंत.

ब्राझील देशातल्या एका बंदराची ही गोष्ट. बोटी वाफेवर चालायला लागून थोडीच वर्षं झाली होती. डोंगरापलीकडून कॉफी यायची, हमाल ती पोती बोटीत चढवायचे, त्यावर सगळ्या गावाची चूल पेटायची. तिबुर्सियो टेकडीवरचा निशाणवाला. गावात पिवळा ताप शिरला की त्यानं पिवळं निशाण चढवायचं. मग येणारी बोट बाहेरूनच परत जायची.

एका साली ताप आला, तरी सगळ्यांच्या सांगण्यावरून त्यानं निशाण चढवलं नाही. बोट आत आली आणि तिच्यावरचा एकूण एक खलाशी तापानं गेला. रिकामी बोट कितीतरी दिवस पाण्यात आपली आपण फिरत होती, असं म्हणतात.

पुढच्या साली ताप पुन्हा आला. आता हा ऐकायचा नाही म्हणून व्यापाऱ्यांनी निशाणच जाळून टाकलं. हमालांनाही ते बरंच वाटलं. कुस्तोदिया तर त्याच्या दारात जाऊन म्हणाली, “भाऊ, तापानं चार मरतील, उपाशी सगळेच मरू.” आत त्याची पोर इनासिया तापानं फणफणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे माणसांची बोट दिसली, आणि टेकडीवर पिवळा घागरा चढला. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी तो असा फुगला की नऊ कोसांवरून दिसला. खालचं पाणीसुद्धा पिवळं झालं, असं म्हणतात. बोट वळली.

लोक दगड घेऊन धावले. तिबुर्सियो काठीला पाठ लावून उभा राहिला. बोट दिसेनाशी झाली तेव्हा खाली बसला, तो परत उठला नाही. दगड मारणाऱ्यांत कुस्तोदियाही होती.

म्हणून विहिरीवरचं ते अर्धं बोलणं तिला सोडवेना. ते खरं असलं तर आपला दगड अगदीच चुकीचा नव्हता, असं तिला वाटत होतं. पेजेचं भांडं घेऊन ती त्याच्या बायकोकडे गेली आणि तिनं सरळ विचारलं.

“घागरा पोरीच्या अंगावरचाच,” बायको म्हणाली. “पण पोर जिवंत होती. नाडी तिनंच सोडली. म्हणाली, बाबा, मला आता कुठं नाचायला जायचंय. संध्याकाळी गेली.”

त्या वर्षी उपासमारीनंही माणसं मेली, हेही सांगायला हवं. कुस्तोदियाचा धाकटा त्यातच गेला.

अजून दर साली त्या दिवशी बंदरातल्या बायका टेकडीच्या वाटेवरचे दगड वेचतात आणि समुद्रात टाकतात. वाट साफ झाल्याशिवाय एकही हमाल पोतं उचलत नाही. पहिला दगड कुस्तोदियानं टाकला, असं म्हणतात.