अर्ध्यात राहिलेली नाव

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात रोज संध्याकाळी देवळात पोथी वाचली जाई. गावाची एक रीत होती. वाचणाऱ्याची चूक जो पकडील, त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या घोंगडीवर बसायचा मान.

त्या गावात एक वाचनवेडे गृहस्थ होते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक त्यांना नुसत्या कानानं कळे. मोडकं वाक्य ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्यांना घोंगडीवरून हलवणं कुणालाच जमलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

एकदा त्यांच्या सुनेनं स्वतः एक गोष्ट लिहिली. सासऱ्यांना विचारून ती भीत भीत देवळात वाचायला बसली.

"भर पुरात एका नावाड्यानं एका अनोळखी बाईला नावेत घेतलं. नाव मध्यावर आली तशी बाई म्हणाली, 'मला पलीकडं जायचंच नाही.'"

देऊळ चिडीचूप झालं. गृहस्थही पुढं सरकून बसले. पण सवयीनं त्यांचा हात वर गेला.

"उच्चार चुकला," ते म्हणाले.

तिनं सुधारून वाचलं. हात पुन्हा वर.

"हा शब्द तुझ्या माहेरचा. ग्रंथात चालत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा सुनेनं पानं मिटली, देवाला नमस्कार केला आणि ती घरी निघून गेली.

सकाळी गृहस्थ स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सूनबाई, त्या नावेचं पुढं काय झालं गं?"

"आता कशाला, मामंजी? पुढंही चुका असतीलच."

"नाही टोकणार. वाच तू."

"पानं चुलीत गेली," भाकरी उलटत ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. गृहस्थांना तेच जास्त लागलं.

तिनं पुन्हा काही लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नाही. देवळात त्याच जुन्या पोथ्या बिनचूक वाचल्या जात राहिल्या. गृहस्थांनी मग त्या गोष्टीचा शेवट स्वतःच लिहून पाहिला, तोही अनेकदा. त्यात शोधूनही चूक सापडत नसे, आणि एकही शेवट त्यांना खरा वाटत नसे.

तात्पर्य : चूक जरूर दाखवावी, पण आधी गोष्ट पुरी ऐकावी.