चिंधूनं पेंढा भरला

एका गावात एक भोळा जावई होता. नाव चिंधू. भोळा म्हणजे इतका, की 'जरा थांब' म्हटलं तर कुणी 'चल' म्हणेपर्यंत तिथंच उभा.

चिंधूच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांचा धंदा मेलेल्या जनावरांत पेंढा भरायचा. शिकारी जनावरं आणत, गळ टाकणारे मासे आणत. तात्या कातडं सोलून कमावत, आत पेंढा भरत, काचेचे डोळे बसवत आणि जनावर असं उभं करत की कुत्री त्याच्यावर भुंकत.

चिंधूचं लग्न झालं होतं, पण बायको मिळाली नव्हती. तात्यांनी साफ सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाला तुमचं काम पसंत पडलं, की सगुणीला घिऊन जावा. तवर हितंच ऱ्हाऊन शिका."

म्हणून चिंधू सोप्यात आणि सगुणा स्वयंपाकघरात. वाढताना ती त्याला गुपचूप एक भाकरी जास्त वाढायची, तेवढाच दोघांचा संसार. तिचा जीव होता त्याच्यावर. आता जीव कुणावर जडावा, हे काय कुणाच्या हातात असतं?

एकदा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, कोंबडा कापलाय. त्याचं पोट तेवढं साफ करा. पावनं यायचंत."

चिंधूनं पोट साफ केलं. मग रिकामं पोट बघून त्यालाच वाईट वाटलं. त्यानं पेंढा भरला, टाके घातले, डोळे बसवले. पाहुणे जेवायला बसले, तर ताटांच्या मधोमध कोंबडा आरवायच्या बेतात उभा.

तात्या कळवळले. "अवं, पेंढा भरायचा त्यो भिंतीवरच्या जनावरात! खायच्या जनावराला मसाला लावत्यात."

चिंधूनं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

पुढं फौजदारांच्या गळाला मरळ लागली. शिपाई ती घेऊन आला. तात्या घरी नव्हते. चिंधूनं विचार केला. हा मासा. मासा खातात. मग पेंढा कशाला? त्यानं हळद, मिरची, लसूण चोळून मरळ खरपूस तळली. पण गिऱ्हाईक तात्यांचं, म्हणून ती फळीवर ठोकली आणि काचेचे डोळे बसवून पाठवून दिली. फौजदारांच्या मांजरानं ती भिंतीवरच फस्त केली. डोळे तेवढे ठेवले.

तात्यांनी डोक्याला हात लावला. "अवं, ज्यानं मारलं त्याला इचारावं! त्यो सांगंल तसं करावं."

चिंधूनं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

फौजदारांनी पुन्हा मासा आणला. वीतभर होता.

"सायेब, मासा केवढा हुता?" चिंधूनं विचारलं.

मासा समोर पडला होता. तरी फौजदारांनी दोन्ही हात ताणले. "एवढा!" गळवाल्यांचा मासा मेल्यावरच वाढीला लागतो, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

चिंधूनं त्या हातांचं दोरीनं माप घेतलं. कातडं पुरेना. मग त्यानं पुढं मुंडकं लावलं, मागं शेपटी लावली आणि मध्ये लोड घालून त्यावर खवले रंगवले. फौजदार खूश. "अगदी अस्साच होता!" त्यांनी गावाला बघायला बोलावलं. मामलेदारांनी कौतुकानं माशाच्या पोटावरून हात फिरवला, तर शिवण उसवून कापूस बाहेर आला. लोक पोट धरधरून हसले आणि फौजदारांनी गळ मोडून टाकला.

तात्या थरथरत म्हणाले, "जावईबापू, शिकाऱ्याच्या थापंवर जाऊ नगा! ज्यानं बघितलंय त्याला इचारा!"

चिंधूनं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

अशात इनामदारांनी बिबट्या मारला. आणि नेमके तात्या हिवतापानं आडवे झाले. घोंगडीतून हात बाहेर काढून ते म्हणाले, "ह्यो बिबट्या इनामदारांच्या पसंतीला उतरवा, आन् सगुणीला घिऊन जावा." दाराआडून सगुणानं देवाला हात जोडले.

इनामदारांनी चिंधूला बजावलं, "बिबट्यानं माझ्यावर झेप घेतली आणि मी छातीत गोळी घातली. तशी झेप दिसली पाहिजे!"

चिंधू 'जी' म्हणाला आणि तडक मैनाजीकडे गेला. शिकारीत मैनाजी हाकारे घालत होता. त्यानं सगळं बघितलं होतं, आणि चिंधूनं विचारल्यावर सगळं सांगितलं.

चिंधूनं जीव ओतून काम केलं. ठरल्या दिवशी इनामदारांच्या सदरेवर पाहुणे जमले. तात्याही घोंगडी पांघरून आले. सगुणा गाठोडं बांधून वाड्याच्या मागच्या दारात उभी राहिली. इनामदारांनी मिशीला पीळ देत चादर ओढली.

बिबट्या झोपलेला होता. डोळे मिटलेले, पोट तट्ट फुगलेलं, तोंडाशी शेळीचं शिंग. आणि त्याच्या पाठीवर पालथे पडले होते इनामदार. पेंढ्याचेच, पण मिशी हुबेहूब. धोतर मात्र नव्हतं.

पाहुणे माना उंचावून बघायला लागले.

"हे काय?" इनामदार कसेबसे म्हणाले.

"सरकार, मैनाजीनं सांगितलं तसंच केलंय. शेळी खाऊन बिबट्या झोपला हुता. तुमचा बार हवेत उडाला, दणक्यानं तुम्ही झाडावरनं पडला ते थेट त्याच्यावर. तितंच त्यो गेला. धोतर फांदीला ऱ्हायलं, म्हणून लावलं न्हाई."

पाहुण्यांतून आधी एक खोकला आला. मग सगळी सदर हसून लोळायला लागली. इनामदार भिंतीवरच्या बंदुकीकडे धावले.

तात्यांचा ताप तिथल्या तिथं उतरला. त्यांनी चिंधूला मागच्या दारी ओढत नेलं आणि सगुणाचा हात त्याच्या हातात दिला. "अवं, मैनाजीच्या सांगण्यावर काय जाता? सवता डोळ्यांनी बघितलं हुतं का तुम्ही? पसंती गेली खड्ड्यात! ही घ्या तुमची बायकू, आन् पळा!"

"चला की वो," सगुणा रडकुंडीला येऊन म्हणाली.

चिंधूनं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली. त्यानं सगुणाचा हात हळूच सोडवला. "थांब जरा. फुकटची बायकू नगं मला. काम पसंतीला उतरवूनच नेतो तुला."

तो तसाच सदरेवर परत गेला. इनामदार बंदुकीत काडतूस भरत होते. चिंधू त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"सरकार, चुकलंच माझं. मी सवता बघितलंच न्हाई. आता एकडाव झाडावर चढून पडून दावता का?"