सारवलेल्या बागेतल्या अळ्या

लिंबोणीच्या बागांनी वेढलेल्या एका गावात एक माळीण राहत होती. नवऱ्यामागे तिने एकटीने बाग वाढवली होती. त्या गावाची एक चाल होती. ज्या बागेत अळी पडेल ती बाग तोडून जाळायची, म्हणजे कीड शेजारी जात नाही. सहा वर्षं वाढवलेलं झाड तोडायला किती वेळ लागतो, हे चाल पाडणाऱ्यांना कोण विचारणार!

एका वर्षी अळी नेमकी माळणीच्या बागेत पडली. पाटील म्हणाले, "परवा सकाळी कुऱ्हाडी घेऊन येतो."

"या की," माळीण म्हणाली, "पण बाग मी तोडू द्यायची नाही."

कोपऱ्यातल्या एका झाडावर तिला काही अळ्या काळ्या पडून लोंबताना दिसल्या. गावात अशा अळ्या अशुभ म्हणून झाडून जाळत. माळणीला वाटलं, माणसाचा रोग माणसाला लागतो, मग अळीचा अळीला का लागू नये? तिने त्या वेचल्या, वाटल्या, पाण्यात कालवून गाळल्या आणि उन्हं कलल्यावर ते पाणी पानापानावर शिंपडलं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. आपण त्यांना जिवाणू म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच! शेजारणी कुंपणाशी येऊन हसल्या, "अगं, वाटण घालून पाहुणचार करतेस की काय त्यांचा?"

पण माळणीने अळ्यांकडे पुन्हा नीट पाहिलं आणि तडक शेण कालवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत तिने प्रत्येक झाडाखालची जमीन सारवून काढली.

सकाळी पाटील माणसं घेऊन आले. माळीण वाटेतच उभी राहिली.

"वहाणा काढा. सारवलंय."

"बाजूला हो बाई. अळ्या जिवंत आहेत, मला इथून दिसतायत."

"जिवंत आहेत, पण खातायत का? खाणारी अळी रात्रभर लेंड्या टाकते. काल सारवलेल्या या जमिनीवर एक लेंडी दाखवा आणि खुशाल बाग तोडा."

पाटील वहाणा काढून आत गेले. एकेका झाडाखाली वाकून वाकून पाहिलं. जमीन लख्ख होती. कुऱ्हाडवाले मागे सरले. दिवस मावळेपर्यंत अळ्याही काळ्या पडून लोंबू लागल्या.

आठवड्याने पाटलांच्याच बागेत अळी निघाली. ते तांब्या घेऊन माळणीच्या दारात उभे राहिले.

"पाणी देते," ती म्हणाली, "पण आधी चावडीवर सगळ्यांसमोर सांगा, यापुढे गावात कुणाचीच बाग तुटणार नाही."

पाटलांनी तांब्या तिच्या ओट्यावर ठेवला आणि ते चावडीकडे निघाले.

तात्पर्य: चाल जुनी आहे म्हणून मान तुकवू नये. आधी आपल्या डोळ्यांनी नीट पाहावं आणि खरं दिसलं की कुणापुढेही हटू नये.