चित्रकोठीची परीक्षा

एका नदीकाठच्या गावात धर्मादाय रुग्णालय होते. तिथल्या एक्स-रेची सगळी चित्रे एकाच सर्व्हरवर असत. तो बंद पडला की डॉक्टर हात चोळत बसत आणि रोगी कण्हत राही.

म्हणून विश्वस्तांनी श्रीपाल उपाध्ये या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने दोन सर्व्हर जोडले, चित्रांचा साठा दोघांत सामाईक ठेवला आणि या जोडीला एकच नाव दिले, 'चित्रकोठी'. एक सर्व्हर बंद पडला, तर त्याच नावाने दुसरा चित्रे देणार होता.

उद्घाटनाच्या सकाळी विश्वस्त हार घेऊन आले. रोगी यायला अजून अवकाश होता. एक्स-रे काढणाऱ्या झरीनाताईंनी विचारले, "उपाध्ये, एक बंद करून बघितलात का?"

श्रीपालने नकारार्थी मान हलवली. त्याने बघितले नव्हते.

"राहू द्या हो," मुख्य डॉक्टर खांबेटेबाई म्हणाल्या. "चालत्या गाडीला खीळ कशाला? नारळ फुटू दे आधी."

श्रीपालला ते बरेच वाटले. चारचौघांत फजिती झाली, तर पंचक्रोशीत पुन्हा काम कोण देणार? पण बाकावर हात गळ्यात बांधून बसलेली माणसे त्याला आठवली.

"नारळ जरा थांबू दे," तो म्हणाला आणि त्याने पहिला सर्व्हर बंद केला.

पडद्यावरची सगळी चित्रे गेली. दुसरा सर्व्हर जागा होता, पण चित्रे देईना.

"चुली दोन मांडल्यात," झरीनाताई म्हणाल्या, "पण तवा एकीलाच चिकटलाय."

श्रीपालने जोडणी तपासली. सवयीने त्याने चित्रांचा फोल्डर पहिल्या सर्व्हरच्याच नावाने उघडला होता, चित्रकोठीच्या नावाने नाही; म्हणून पहिला बंद होताच चित्रांची वाटही बंद झाली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दुरुस्त करतो."

विश्वस्त घड्याळे बघत बसले. त्याने पहिला सर्व्हर पुन्हा चालू केला, फोल्डर चित्रकोठीच्या नावाखाली नेला आणि सगळ्या संगणकांना तेच नाव दिले. मग आधी पहिला, नंतर तो चालू करून दुसरा सर्व्हर बंद करून पाहिला. चित्रे जागच्या जागी राहिली. नारळ फुटला तेव्हा हार कोमेजले होते.

पुढे उन्हाळ्यात एका दुपारी पहिला सर्व्हर खरोखर बंद पडला. खांबेटेबाई तेव्हा एका मुलीच्या कोपराचे चित्र बघत होत्या. चित्र क्षणभर अडखळले आणि पुन्हा उमटले.

"आज जरा हळू चालतंय," त्या म्हणाल्या आणि प्लास्टर घालायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीपाल दुरुस्तीला आला. झरीनाताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "तुमचा एक सर्व्हर कालपासून झोपलाय म्हणे. आम्हाला पत्ताच नाही."

श्रीपाल हसला. चहा संपवून तो कामाला लागला.

तात्पर्य: ज्या आधारावर दुसऱ्याने विसंबायचे, तो आपणच आधी हलवून पाहावा; त्यात झालेली फजिती पुढच्या अनर्थापेक्षा फार हलकी असते.