म्हसोबाची व्हीलकॅप

रणधीररावांनी आजोबांची जुनी स्पोर्ट्स कार हौसेनं पुन्हा उभी केली. चाकांवरच्या मूळच्या चार व्हीलकॅप, म्हणजे चकचकीत गोल झाकणं, त्यांपैकी तीन घरीच सापडल्या. चौथी मात्र कैक वर्षं खिंडीतल्या म्हसोबाच्या डोक्यामागं प्रभावळ होऊन झळकत होती.

"आमच्या गाडीची निखळून पडलेली वस्तू आहे. मुकाट्यानं काढून द्या, नाहीतर पोलीस आणतो," गाडी दाराशी उभी करून ते देवळात येऊन गरजले.

हौसा गुरवीण तेलवात करत होती. जत्रा तोंडावर आलेली, आणि देव बोडका दिसणार. पण चेहरा काही तिनं हलू दिला नाही.

"न्या की सरकार, तुमचीच हाय. पण एवढी वर्षं पुजलीया, आता ती जिथं, देव तिथं. दर अवसेला अख्खा गाव तुमच्या गाडीला तेल-शेंदूर लावायला येईल."

"गाडीला? अहो, रंग परदेशातून आणलाय."

"मग शेंदूर खुलंल त्याच्यावर. नारळ पुढच्या नाकाडावर फोडू, पत्रा कडक दिसतोय. आन् जत्रेचं बकरं मिरवत आणायला तुमच्या शेजारची गादी हायच."

रावांनी आधी गाडी देवळापासून लांब नेऊन उभी केली. मग चालत परत आले आणि म्हसोबापुढं नारळ वाढवला, स्वतःच्या हातानं, दगडावर.